स्मरणार्थ देणगी कशी द्यावी?

आपल्या माणसाच्या नावाने काही द्यावे, ही इच्छा बहुधा त्याच्या निधनानंतरच्या पहिल्या दिवसांतच होते आणि मोठे निर्णय घेण्यास तेच दिवस सर्वांत गैरसोयीचे असतात. म्हणून लहान रक्कम लगेच द्यावीशी वाटली तर जरूर द्यावी, मोठ्या रकमेचा विचार मात्र काही महिने थांबून करावा.

सर्वांत आधी हेतू ठरवावा. गेलेली व्यक्ती स्वतःचा वेळ आणि पैसा कशासाठी खर्च करत होती, हे आठवले तर उत्तर बहुधा सापडते. पुष्कळ कुटुंबे ज्या आजाराने माणूस गेला त्याच आजाराच्या संशोधनासाठी देणगी देतात. त्यात गैर काही नाही, पण शेवटचे आजारपण म्हणजे त्या माणसाचे सारे आयुष्य नव्हे. लेलँड स्टॅनफर्ड ज्युनियर हा मुलगा 1884 मध्ये वयाच्या 15 व्या वर्षी विषमज्वराने गेला, तेव्हा त्याच्या आईवडिलांनी पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने विद्यापीठ स्थापन केले आणि 1891 मध्ये ते सुरू झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या औपचारिक नावात तो मुलगा आजही आहे.

हेतू ठरला की जवळच्या नातेवाइकांशी बोलून घ्यावे आणि मग संस्था निवडावी. तिची नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि विश्वस्तांची नावे पाहावीत. हिशेब मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था शोधलेली बरी.

त्यानंतरचा प्रश्न असा, की रक्कम एकदाच खर्च व्हावी, की कायम ठेवीत राहून तिच्या व्याजातून दर वर्षी काम चालावे? कायम ठेवीचे आकर्षण मोठे असते, पण गणित आधी मांडून पाहावे. ठेवीवर 7 टक्के व्याज मिळत असेल आणि महागाई 5 टक्क्यांनी वाढत असेल, तर मुद्दलाचे खरे मोल टिकवण्यासाठी 5 टक्के मुद्दलातच परत घालावे लागतात आणि खर्चाला उरतात ते जेमतेम 2 टक्के. सगळे व्याज खर्च करत गेल्यास साधारण 14 वर्षांत त्या मुद्दलाची क्रयशक्ती निम्म्यावर येते, आणि एके काळी शिष्यवृत्ती म्हणून शोभणारी रक्कम वह्यांपुरतीही पुरत नाही. तेव्हा रक्कम बेताची असेल, तर पुस्तके, उपकरणे किंवा एखाद्या विद्यार्थ्याचे संपूर्ण वर्षाचे शुल्क यांवर ती एकदम खर्च होऊ देणे मला अधिक योग्य वाटते.

देणगीसोबत पत्र द्यावे आणि त्यातील अटी मोजक्याच ठेवाव्यात. ‘अमुक शाळेत, अमुक इयत्तेत, अमुक विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास’ अशी अट घातली आणि पुढे तो विषय किंवा ती शाळाच बंद झाली, तर पैसे अडकून पडतात. काही देशांत अशा वेळी हेतू बदलण्यासाठी न्यायालयात जावे लागते. यावरचा उपाय एका वाक्याचा आहे: ‘हा हेतू पुढे अशक्य किंवा निरुपयोगी ठरल्यास विश्वस्तांनी ही रक्कम त्याच्या जवळच्या हेतूसाठी वापरावी.’ नामफलक लागणार असेल, तर नाव नेमके कसे लिहायचे आणि इमारत पाडली किंवा तिचे नूतनीकरण झाले तर फलकाचे काय होणार, हेही पत्रातच स्पष्ट करावे.

मित्रमंडळींनाही हातभार लावायचा असेल, तर पैसे कुटुंबाकडे गोळा न करता त्यांनी ते थेट संस्थेकडे पाठवावेत. देणाऱ्यांची नावे कुटुंबाला कळवावीत, रकमा कळवू नयेत, अशी विनंती संस्थेला करता येते. त्यामुळे आभार सर्वांचे सारखेच मानले जातात आणि कमी देणाऱ्याला संकोच वाटत नाही. पावती मात्र पैसे देणाऱ्याच्याच नावे घ्यावी व ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही नोंद तिच्यावर वेगळी करून घ्यावी, कारण करसवलत जिथे मिळते तिथे ती देणगीदाराला मिळते.