ग्लोसोप्टेरिसचं पान बघायला शिकताना

पुण्यात भूविज्ञानाला प्रवेश घेतला की पहिले काही महिने डोळ्यांपुढे एकच खडक असतो: बेसॉल्ट. वेताळ टेकडी घ्या नाहीतर पाताळेश्वरचं लेणं, सगळा लाव्ह्याचा काळा कातळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. खंड सरकल्याचे पुरावे मला तेव्हा पुस्तकातल्या नकाशातच भेटत होते.

मग प्रॅक्टिकलला मॅडमनी नागपूरजवळच्या कामठीच्या खडकाचा एक तुकडा हातावर ठेवला. आधी काहीच दिसेना. त्या म्हणाल्या, "खिडकीपाशी जा, तिरप्या उजेडात धर." भिंग डोळ्याला टेकवून तुकडा जवळ आणला आणि जिभेसारखं लांबट पान उमटलं. मधोमध ठळक शीर, दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाचं, २५ कोटी वर्षांहून जुनं पान! नवीन आलेल्यांना माझं पहिलं सांगणं हेच: ही जाळी पेन्सिलीने स्वतः काढा. फोटो काढून नजर तयार होत नाही.

तोंडी परीक्षेत मात्र मी अडकलो. हेच झाड आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिकातही सापडतं, म्हणून हे खंड जोडलेले होते, एवढं सांगून थांबलो. परीक्षकांनी विचारलं, "नारळही समुद्र ओलांडतो. मग?" मला उत्तर येईना.

खरा अभ्यास तिथून सुरू झाला. पुरावा नुसत्या सारखेपणात नसतो. तो जीव समुद्र ओलांडू शकला असता का, यात असतो. म्हणून लिस्ट्रोसॉरस मला फार मोलाचा वाटतो. जमिनीवर चालणारा, आखूड पायांचा, दोन सुळ्यांचा शाकाहारी प्राणी. दक्षिण आफ्रिकेत आणि आपल्याकडे दामोदर खोऱ्यातल्या पंचेत खडकांत तो आधीच माहीत होता, १९६९ मध्ये अंटार्क्टिकातही मिळाला. हा काही पोहत गेला नसणार. मेसोसॉरस हा पाण्यात राहणारा सरपटणारा प्राणी मात्र भारतात दाखवू नका, उत्तरपत्रिकांत ही चूक नेहमी होते. तो दक्षिण अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेतला.

खंड सरकतात असं मांडणाऱ्या वेगेनरच्या विरोधकांचं म्हणणंही नीट वाचा. खंडांना जोडणारे जमिनीचे पट्टे, म्हणजे भूसेतू, पुढे समुद्रात बुडाले, असं ते मानत. पण खंडांचा खडक सागरतळाच्या खडकापेक्षा हलका. तो तसा बुडून नाहीसा कसा होईल? हा प्रश्न कळला की गुरुत्व आणि समस्थितीचा (हलका खडक जड खडकावर तरंगून समतोल राखतो ती कल्पना) रुक्ष वाटणारा पेपरही गोडी लावतो.

आणि फील्ड टूर चंद्रपूरकडे, म्हणजे असेच कामठीचे खडक असलेल्या भागात, निघाली तर घरचं लग्न असलं तरी नाव द्या.