चिअर आणि डान्स संघाची बातमी क्रीडा पानावर कशी आणावी

फुटबॉलचा निकाल ‘२-१’ एवढ्यात आटोपतो. चिअर म्हणजे संगीताच्या तालावर संघाने केलेल्या कसरती, उड्या आणि मनोरे. त्या स्पर्धेतले ‘८६.४ गुण, दुसरा क्रमांक’ वाचून मात्र डेस्कवरच्या उपसंपादकाला काहीच बोध होत नाही. गुण कितीपैकी? संघ किती होते? गट कोणता? रात्री पान लावायच्या घाईत हे विचारत बसायला वेळ नसतो, म्हणून मजकूर बाजूला पडतो आणि पालक त्याला दुजाभाव म्हणतात. कधी कधी तो असतोही. पण आधी आपल्या, म्हणजे पालकांच्या, बाजूची अडचण दूर करावी.

ज्या वर्तमानपत्रात बातमी यायला हवी, ते हंगाम सुरू होण्याआधी दोन आठवडे रोज वाचा. शालेय खेळांच्या बातम्या कोणत्या वारी येतात, किती शब्दांच्या असतात, फोटोखाली नावे असतात का, हे टिपून ठेवा. मग प्रशिक्षकांशी बोलून एकाच पालकाला संपर्काचे काम द्या. पाच पालकांनी पाच ईमेल पाठवले, त्यांत एकाच मुलीच्या नावाची तीन स्पेलिंगे निघाली, की पुढच्या वेळी कोणाचाच ईमेल उघडला जात नाही.

त्या पालकाने क्रीडा विभागाला एक पानभर माहिती आधीच द्यावी: खेळाडूंची अचूक नावे, इयत्ता, स्पर्धांच्या तारखा आणि चार-पाच ओळींत गुणपद्धती. अवघड कसरतींना गुण कसे मिळतात, पडल्यास किंवा नियम मोडल्यास वजावट कशी होते, फ्लायर (वर उचलली जाणारी), बेस (खालून उचलणारे) आणि बॅकस्पॉट (मागून आधार देणारे) म्हणजे कोण, पॉम, जॅझ आणि हिप हॉप हे डान्सचे वेगळे गट कसे, एवढे पुरे. संघ स्पर्धेत उतरणारा आहे की दुसऱ्यांच्या सामन्यात मैदानाच्या कडेला प्रोत्साहन देणारा, हेही पहिल्याच ओळीत सांगा. अनेक संघ दोन्ही करतात, पण क्रीडा पानाला बहुधा स्पर्धेतच रस असतो. मुले अल्पवयीन असल्याने नाव आणि फोटो छापायला प्रत्येक पालकाची लेखी संमती याच वेळी घेऊन ठेवा. निकालाच्या रात्री ती गोळा होत नाही.

‘हा खेळ आहे का?’ हा प्रश्न येणारच. अमेरिकेत २०१० मध्ये एका संघीय न्यायालयाने स्पर्धात्मक चिअर विद्यापीठीय खेळ म्हणून धरता येणार नाही असे म्हटले, तेही तेव्हाची स्पर्धांची घडी आणि नियम पुरेसे विकसित नव्हते म्हणून. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने आंतरराष्ट्रीय चिअर महासंघाला २०१६ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. ब्रेकिंग या नृत्यप्रकाराला २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पदके होती. मात्र मान्यता म्हणजे ऑलिम्पिकमधला समावेश नव्हे. चिअरला ‘ऑलिम्पिक खेळ’ लिहिलेत तर तो शब्द खोडला जाईल आणि तुमच्या बाकीच्या मजकुरावरचा विश्वासही जाईल. शिवाय हा वाद स्वतःहून उकरू नका, विचारले तरच सांगा.

विश्वास सगळ्यात लवकर उडतो तो ‘राष्ट्रीय विजेते’ या शब्दांनी. खासगी आयोजकांच्या बऱ्याच स्पर्धांच्या नावातच ‘नॅशनल’ किंवा ‘वर्ल्ड’ असते, आणि वय, दर्जा, संघाचा आकार यांनुसार इतके गट पाडलेले असतात की एखाद्या गटात एकच संघ उतरतो. तो अर्थातच पहिला येतो. उपसंपादकाने आयोजकांच्या निकालपत्रकात हे पाहिले की तुमचे दार बंद. म्हणून आयोजक कोण, गट कोणता, त्यात किती संघ, हे कोणी विचारण्याची वाट न पाहता लिहा. ‘सात संघांत तिसरा’ ही ‘विजेते’पेक्षा खरी आणि छापण्याजोगी बातमी आहे. गटात आपण एकटेच असू तर क्रमांक सोडून गुण द्या: मागच्या स्पर्धेपेक्षा किती वाढले, वजावट किती झाली.

निकाल त्याच रात्री पाठवा, शक्य असेल तर बक्षीस समारंभ संपल्यावर तासाभरात. दोन दिवसांनी तो शिळा होतो. पान किती वाजता बंद होते हे आधीच विचारून ठेवा. मजकूर १५० शब्दांच्या आत, युनिकोडमध्ये, थेट ईमेलमध्येच टाका. पीडीएफ किंवा निकालपत्रकाचा फोटो पाठवला तर कोणाला तरी ते पुन्हा टाइप करावे लागते. पहिले वाक्य साधारण असे हवे: ‘… शाळेच्या कनिष्ठ चिअर संघाने रविवारी … स्पर्धेत सात संघांत दुसरा क्रमांक मिळवला, १०० पैकी ८६.४ गुण, विजेत्यांपेक्षा १.२ कमी.’ त्यापुढे निर्णायक क्षण, प्रशिक्षकांचे एक वाक्य, सगळी नावे. ‘चिमुकल्यांनी मने जिंकली’ हे सांस्कृतिक पानावर शोभते, इथे नको.

फोटो तीनच, तीसपैकी निवडलेले. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की आकार घटतो, म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने द्या. सहा इंच रुंद छपाईला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) १८०० पिक्सेल लागतात. सभागृहात कॅमेऱ्याचे शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढला आणि फोटो थोडा दाणेदार आला तरी चालतो, हललेला चालत नाही. फ्लॅश मात्र कधीच नको, वर असलेल्या फ्लायरचे डोळे दिपले तर ती पडू शकते. वर फेकलेली खेळाडू सर्वांत उंचावर क्षणभर थबकते, तो क्षण पकडा. खालून घेतलेले अवघडलेले कोन वगळा. फोटोखालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे नावे आणि छायाचित्रकाराचे नाव लिहा. स्पर्धेतल्या व्यावसायिकाचा फोटो विकत घेतला तरी छापायचा हक्क आपोआप मिळत नाही, त्याची वेगळी परवानगी घ्या.

वार्ताहर स्वतः येणार असेल तर संघ मंचावर जाण्याची नेमकी वेळ कळवा. सादरीकरण बहुधा अडीच मिनिटांच्या आसपासच असते, पार्किंग शोधण्यातच ते संपून जाते. वेळापत्रक पुढे-मागे सरकले तर लगेच संदेश पाठवा. वॉर्मअपची वेळही सांगा, मुलाखतीला प्रशिक्षक त्यानंतर सापडत नाहीत.

बातमी आली नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाच फोन करा, रात्री पान लागत असताना नाही. ‘फुटबॉलला एवढी जागा, आम्हाला का नाही?’ हा प्रश्न गिळा आणि विचारा, ‘पुढच्या वेळी काय, किती वाजेपर्यंत पाठवू?’ मिळालेले उत्तर लिहून ठेवा, पुढच्या हंगामात हे काम दुसऱ्या पालकाकडे जाईल तेव्हा त्याला ते लागेल.