वाचन चॅलेंज: पुस्तक परत करण्याआधी तीन फोटो

पावसाळी ऑनलाइन वाचन चॅलेंज जूनमध्ये हौसेनं सुरू होतं. सप्टेंबरअखेर फॉर्म भरताना मात्र प्रकाशक, पानसंख्या, वाचून संपवल्याची तारीख विचारतात आणि पुस्तक केव्हाच वाचनालयात परत गेलेलं असतं. साताऱ्यात झड लागलेली असताना नुसता पान क्रमांक बघायला पुन्हा कोण जाणार?

पुस्तक संपलं की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा:

१. मुखपृष्ठ.
२. आतलं प्रकाशकाचं पान. आवृत्ती, प्रकाशन वर्ष, नव्या पुस्तकांचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), सगळं इथं असतं. वाचनालयाच्या बाइंडिंग केलेल्या जुन्या प्रतींना बऱ्याचदा मूळ मुखपृष्ठच नसतं, तिथं हेच पान कामी येतं.
३. शेवटचं पान, खालचा आकडा दिसेल असं.

तिन्ही फोटो ‘वाचन’ नावाच्या अल्बममध्ये टाका. फोटोची तारीख तीच पुस्तक संपल्याची तारीख. वही-बिही काही नको. भिलारला पुस्तकांच्या गावी बसून वाचलेल्या पुस्तकालाही हेच करा.

फक्त हे फोटो स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून मूळचे उडवू नका. तिथून उतरवलेल्या फोटोत काढल्याची मूळ तारीख राहत नाही.