नोकरी सांभाळून फुटबॉलचा प्रशिक्षक कसे व्हावे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या क्लबाकडून दहा-बारा वर्षे खेळलेल्या, जिल्ह्याच्या संघापर्यंत पोहोचून तिथेच थांबलेल्या आणि आता दिवसभर दुकानात किंवा कचेरीत बसणाऱ्या खेळाडूसाठी हे लिहीत आहे. वय सत्तावीस-अठ्ठावीस झालेले असते, गुडघा कुरकुरू लागलेला असतो, तरी संध्याकाळी पाय मैदानाकडेच वळतात. अशा माणसाने प्रशिक्षक व्हायचे ठरवले, तर सुरुवात कुठून करावी याचे उत्तर मला इंग्लंडच्या ‘नॉन-लीग’ फुटबॉलमध्ये सापडले, कारण तिथल्या बहुतेक खेळाडूंची अडचण आपलीच आहे: खेळावर पोट भरत नाही आणि खेळ सुटतही नाही.

प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च स्पर्धेचे 20 क्लब आणि तिच्याखालच्या तीन विभागांचे 72, असे 92 क्लब वगळले की उरलेला सगळा पसारा नॉन-लीगचा. त्याच्या वरच्या पायरीवर, म्हणजे नॅशनल लीगमध्ये, पूर्णवेळ पगारी खेळाडू बरेच आढळतात. पण जसजसे खाली उतरावे तसतसे शिक्षक, सुतार आणि पोस्टमन भेटू लागतात, जे साधारणपणे मंगळवारी व गुरुवारी संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी दुपारी सामना खेळतात.

डॅनी आणि निकी काउली हे एसेक्समधले दोघे भाऊ याच मुशीतून आले. दोघेही नॉन-लीगमध्ये खेळले आणि दोघेही शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत. 2007 मध्ये डॅनीने कॅन्व्ही बेटावरच्या कॉन्कॉर्ड रेंजर्स या छोट्या क्लबाची जबाबदारी घेतली, भावाला जोडीला घेतले आणि पुढच्या काही वर्षांत क्लबाला तीनदा वरच्या विभागात नेले. 2015 मध्ये ते ब्रेनट्री टाउनकडे गेले आणि 2016 मध्ये लिंकन सिटीने बोलावल्यावर त्यांनी शाळेची नोकरी सोडली. फेब्रुवारी 2017 मध्ये लिंकनने प्रीमियर लीगमधल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर 1-0 असे हरवून एफए कपच्या, म्हणजे लहान-मोठे सगळे क्लब खेळतात त्या बाद स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश केला, जे 1914 नंतर एकाही नॉन-लीग क्लबाला जमले नव्हते. पुढे आर्सेनलने त्यांना पाच गोलांनी धुतले हे खरे, पण त्याच हंगामात लिंकनने नॅशनल लीग जिंकली. लोकांना बर्नलीचा सामना आठवतो. मला त्याआधीची, शाळा सुटल्यावर बेटावर जाऊन सराव घेतल्याची आठ वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात.

म्हणून पहिली सूचना अशी, की खेळणे थांबण्याची वाट पाहू नका. अजून खेळत असतानाच आपल्या क्लबातला किंवा जवळच्या शाळेतला एकच वयोगट मागून घ्या, आणि तो बारा वर्षांच्या आतला असेल तर उत्तम, कारण तिथे निकालाचा दबाव कमी असतो. आठवड्याचे दोनच दिवस कबूल करा आणि ते पाळा. दर दिवशी येतो असे उत्साहाने सांगून पंधरवड्यात गळणारे प्रशिक्षक आपल्या शहरात पुष्कळ झाले आहेत.

आता सराव कसा आखायचा ते पाहू. समजा मंगळवार आहे, वेळ साडेपाच ते सात, अकरा-बारा वर्षांची 14 मुले, चार नंबरचे सहा चेंडू आणि अर्धेच मैदान, कारण उरलेल्या अर्ध्यात नेहमीप्रमाणे क्रिकेट चालू आहे. चुन्याने दहा-दहा मीटरचे दोन चौकोन आखा आणि प्रत्येकात पाच मुले कडेला व दोन मध्ये उभी करा. कडेच्या मुलांनी जास्तीत जास्त दोन स्पर्शांत चेंडू फिरवायचा आणि मधल्यांनी तो हिसकावायचा, एवढाच नियम ठेवा. पंधरा मिनिटे हा खेळ चालू असताना तुम्ही चेंडूकडे पाहू नका, चेंडू ज्याच्याकडे येणार आहे त्या मुलाच्या मानेकडे पाहा: पास येण्यापूर्वी त्याने आजूबाजूला नजर टाकली का, आणि चेंडू जवळच्या पायावर अडवून स्वतःला कोंडून घेतले की लांबच्या पायावर घेऊन वाट मोकळी केली. पाणी पिऊन झाल्यावर त्याच सात-सात मुलांचे तिघांविरुद्ध तिघे असे सामने लावा आणि सातव्याला ज्या बाजूकडे चेंडू असेल तिच्याकडून खेळू द्या, म्हणजे चेंडू असलेल्या बाजूला नेहमी एक गडी जास्त मिळतो. यासाठी पंचवीस मिनिटे पुरतात. शेवटचा अर्धा तास सातांविरुद्ध सात असा सरळ सामना होऊ द्या आणि त्यात शक्यतो शिट्टी वाजवू नका. मैदानावरचे हलते लोखंडी गोलपोस्ट मात्र वाळूच्या पोत्यांनी दाबल्याशिवाय एकाही मुलाला त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका.

मी स्वतः पहिल्या दिवशी वीस मिनिटे ऑफसाइड समजावून सांगत होतो. बोलणे संपले तेव्हा दोन मुले लिंबाच्या सावलीत बुटांच्या नाड्या सोडून बसली होती आणि तिसऱ्याने विचारले, “सर, खेळायचं कधी?” तेव्हापासून जे मिनिटभरात सांगता येत नाही, ते मी चेंडू घेऊन करून दाखवतो.

ग्वाल्हेरच्या हवेपुढे हा आराखडा वाकवावा लागतो. मे महिन्यात सराव पहाटे साडेपाचला सुरू करून ऊन चढण्याच्या आत उरकावा. जानेवारीत सकाळी धुके इतके दाट असते की अर्ध्या मैदानापलीकडचा चेंडू दिसत नाही, आणि तेव्हा चौकोनातल्या खेळावरच भागवावे.

पाच-सहा महिने असे शिकवल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्ससाठी अर्ज करा. त्यापुढे आशियाई महासंघाची सी, बी, ए आणि प्रो अशी चढती पायरी आहे. इंग्लंडमध्येही युएफाची, म्हणजे युरोपीय महासंघाची, लायसन्से याच क्रमाने मिळवावी लागतात. आधी मैदान आणि मग वर्ग, असा क्रम मी मुद्दाम सुचवतो, कारण ज्याने मुले हाताळली आहेत त्यालाच तिथे नेमके प्रश्न विचारता येतात. सरकारी प्रशिक्षकाच्या नोकरीवर डोळा असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका पाहावी. काउली बंधूंप्रमाणे शाळेतला शारीरिक शिक्षक व्हायचे असेल, तर 1957 मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आपल्याच शहरात आहे, आणि देशभरातली मुले तिथे शिकायला येत असताना लष्कर भागातल्या मुलाने तिच्यावरून नुसते सायकलने जावे याचे मला नवल वाटते.

पैशाचा व्यवहार पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. एका शाळेत मी तोंडी शब्दावर तीन महिने शिकवले आणि मानधन एकाच महिन्याचे मिळाले. आता मी दिवस, तास, रक्कम, चेंडू कोणी आणायचे आणि मुलाला लागले तर पालकांना कोणी कळवायचे, एवढे एका पानावर लिहून सही घेतो.

एक प्रश्न मात्र कागदावर मिटत नाही. कोणी ना कोणी पालक तुम्हाला विचारणारच, की तुम्ही स्वतः कुठपर्यंत खेळलात? उत्तर फुगवून देऊ नका. इंग्लंडचे जॉन स्टिल हे फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या 92 क्लबांच्या स्पर्धेत, एकच सामना खेळले होते. बाकी खेळ नॉन-लीगमध्ये झाला. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांनी 1989 मध्ये मेडस्टोन, 2007 मध्ये डॅगनम अँड रेडब्रिज आणि 2014 मध्ये लूटन अशा तीन वेगवेगळ्या क्लबांना नॉन-लीगची सर्वोच्च स्पर्धा जिंकून दिली. पालकांना अर्थात स्टिल माहीत नसतात आणि मीही त्यांचे नाव घेत नाही. जिल्ह्यापर्यंत खेळलो, एवढे खरे सांगतो, आणि मंगळवारी साडेपाचला मैदानावर येऊन सराव बघा, असे म्हणतो.