डीपीपी-४ ची रचना संगणकावर कशी वाचावी

पेशीच्या पृष्ठभागावर बसून काम करणारे प्रोटिएज, म्हणजे प्रथिने कापणारी विकरे (एन्झाइम), समजून घेण्यासाठी डायपेप्टिडिल पेप्टिडेज-४, म्हणजेच डीपीपी-४, हे उत्तम उदाहरण आहे. नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या औषधांच्या दुकानांत मधुमेहासाठी मिळणारी सीताग्लिप्टिनची गोळी याच विकराला रोखते. हे औषध आत अडकलेली रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांच्या ऑनलाइन संग्रहात '१एक्स७०' या क्रमांकाखाली विनामूल्य मिळते.

ती पायमोल या रेणूंच्या रचना दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत उघडावी. डीपीपी-४ जोडीने काम करत असल्यामुळे दोन सारख्या साखळ्या दिसतील. त्यातली एक लपवावी. उरलेल्या साखळीचे दोन भाग वेगवेगळ्या रंगांत दाखवावेत: एक आठ पात्यांचा, कूलरच्या पंख्यासारखा गोलाकार भाग आणि दुसरा हायड्रोलेजचा, म्हणजे बंध तोडणारा. औषध या दोहोंमधल्या पोकळीत सापडेल.

येथे बहुतेक विद्यार्थी लगेच सेरीन ६३०, ॲस्पार्टेट ७०८ आणि हिस्टिडीन ७४० हे अमिनो आम्लांचे त्रिकूट (आकडे साखळीतले स्थान सांगतात) शोधू लागतात. पेप्टाइडचा बंध तोडण्याचे काम तेच करते, हे खरे. पण असे त्रिकूट ट्रिप्सिन या पचनाच्या विकरातही आहे; डीपीपी-४ नेमके कुठे कापते, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आधी ग्लुटामेट २०५ आणि २०६ निवडून 'स्टिक्स' स्वरूपात दाखवावेत आणि औषधातल्या अमिनो गटाच्या नायट्रोजनपासून त्यांच्या ऑक्सिजनपर्यंतचे अंतर मोजावे. ते तीन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आसपास भरते. हे दोन ऋणभारित अवशेष (साखळीतली अमिनो आम्ले) पेप्टाइडचे धनभारित अमिनो टोक धरून ठेवतात. त्यामुळे सेरीनसमोर नेमका दुसऱ्या अमिनो आम्लानंतरचा बंध येतो, आणि ते दुसरे आम्ल प्रोलीन किंवा ॲलॅनिन असेल तर दोघांची जोडी कापली जाते. रक्तातली साखर कमी करायला मदत करणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाच्या टोकाला हिस्टिडीन आणि ॲलॅनिन असल्याने ते रक्तात काही मिनिटांतच निष्प्रभ होते. औषधाने पोकळी अडवली की ते अधिक काळ टिकते.

पेशीपटलातला भाग मात्र या फाइलीत शोधू नये, कारण स्फटिकासाठी तो वगळलेला असतो. ७६६ अमिनो आम्लांपैकी पहिली सहा पेशीच्या आत, पुढची बावीस पटलात आणि बाकीची सगळी बाहेर असतात. हे कागदावर रेखाटून घ्यावे.

शेवटी '४एल७२' ही रचना उघडून पहिलीवर जुळवावी. मर्स या श्वसनरोगाच्या कोरोनाविषाणूचा ग्राही, म्हणजे पेशीवर तो ज्याला चिकटतो ते प्रथिन, डीपीपी-४ असल्याचे २०१३ मध्ये आढळले. विषाणूचे प्रथिन पंख्याच्या चौथ्या-पाचव्या पात्यांना बाहेरून चिकटलेले दिसेल, औषधाच्या पोकळीपासून दूर. म्हणूनच सीताग्लिप्टिनने तो संसर्ग थांबत नाही.