पोलादी दोराचा पीळ कागदावर उतरवून घ्यावा
वाइंडरच्या (खाणीत पिंजरा वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या) पोलादी दोरावर थेट पट्टी धरून पिळाची लांबी, म्हणजे एका पेडाला दोराभोवती पूर्ण वेढा घ्यायला लागणारे अंतर, मोजली, तर वंगणामुळे माप हमखास चुकते. त्याऐवजी वंगण पुसून दोराच्या लांबीला समांतर पातळ कागदाची पट्टी ताणून धरावी व मेणखडू आडवा धरून हलकेच घासावा, म्हणजे प्रत्येक पेडाचा उंचवटा ठळक उमटतो. सहा पेडांच्या दोरात पहिल्या ठशापासून सातव्यापर्यंत एक पूर्ण पीळ होतो. मी मात्र तीन पिळांचे अंतर मोजून तिनाने भागतो. कागदावर तारीख आणि दोर पिंजऱ्याला जोडलेल्या टोकापासूनचे अंतर लिहून तो जपावा, कारण पुढे त्याच जागी पीळ लांबलेला दिसला, तर दोर उलगडत असल्याची किंवा गाभा खचल्याची शंका घेऊन लगेच वरिष्ठांना कळवावे लागते. वाइंडर थांबवून ब्रेक पक्का लावल्याची खात्री चालकाकडून झाल्याशिवाय दोराला हात लावू नये.