भिशीत ‘अंडर द टस्कन सन’ दाखवायचा तर

आमच्या शाहूपुरीच्या भिशीत २००३चा हा सिनेमा लावायचा हट्ट माझाच. तुम्हीही लावा, पण आधी गोष्ट मराठीत सांगून टाका: घटस्फोट झालेली अमेरिकन लेखिका फ्रान्सिस इटलीत फिरायला जाते आणि कोर्तोनाजवळ जुनं पडकं घर घेऊन तिथंच राहते. एवढं कळलं की सबटायटल वाचायची धडपड थांबते.

वेळ दुपारची ठेवा, संध्याकाळी सगळ्यांचा जीव स्वयंपाकात अडकतो. भडंगात कांदा-लिंबू आधी घालू नका, मऊ पडतं. मध्यंतर आपणच घ्यायचं, घराची दुरुस्ती सुरू झाल्यावर. गवंड्यांचा अनुभव प्रत्येकीकडं असतो, बोलू द्या.

घरातला कोरडा नळ आणि रोज फुलं घेऊन येणारा अबोल म्हातारा, एवढं आधी दाखवून ठेवा. पुढचं सांगू नका, त्यातच खरी मजा आहे.

तिचं प्रेम फसतं तिथं टीव्ही थांबवा आणि विचारा, तुम्ही परत गेला असता का? आमच्या थोरल्या काकू पहिल्यांदा बोलल्या, “मी न्हाई जायची. घर माझं हाय न्हवं!” मग तासभर कुणी उठलं नाही. चहा जास्तीचा टाकून ठेवा.